उरलेसुरले रंग नकोत

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, ऊसतोड्यांच्या मुलांसाठी ओसरीवर चित्रकलेचा वर्ग काढताय, हे आईकडून कळलं. शाळेतून निघालेली बाकं, कुणाकुणाच्या अर्ध्या रंगपेट्या, पाठकोरे कागद जमवताय म्हणे. वर्ग काढाच. सामानावरून मात्र मला भांडायचंय, आणि फोनवर तुम्ही बोलू देत नाही.

इथे पिट्सबर्गला 'मँचेस्टर क्राफ्ट्समन्स गिल्ड' ही मुलांना कला शिकवणारी संस्था आहे. मँचेस्टर ही इथलीच एक गरीब वस्ती. 1963 साली या भागातल्या शाळेत बिल स्ट्रिकलँड हा सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा कलावर्गाच्या दारात थबकला. आत फ्रँक रॉस हे शिक्षक चाकावर भांडं घडवत होते. मलाही शिकवा, म्हणाला. रॉसनी शिकवलं, पुढे कॉलेजपर्यंतही पोचवलं. 1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहरात दंगली उसळल्या त्या वर्षी, स्ट्रिकलँडनी वस्तीतल्याच एका घरात मुलांना मातीकाम शिकवायला सुरुवात केली. तीच ही गिल्ड. (मधल्या काळात हा गृहस्थ प्रवासी विमानाचा पायलटही झाला. आई, तुझं 'एक ना धड' इथे चालणार नाही.)

1986 साली त्यांनी नवी इमारत बांधली. वास्तुकार टासो कात्सेलास. तुम्ही आलात तेव्हा ज्या विमानतळावर उतरलात, तोही त्यांचाच. दाराशी कारंजं, आत भरपूर ऊन, ताजी फुलं, भिंतींवर खरी चित्रं. असल्या वस्तीतल्या शाळेच्या दारात मेटल डिटेक्टर असणं इथे नवलाचं नाही. या दारात तो नाही. शाळा सुटल्यावर मुलं येतात. मातीकाम, छायाचित्रण, डिझाइन शिकतात, फी नाही. जॅझचं सभागृहही आहे. काउंट बेसी ऑर्केस्ट्राच्या तिथल्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालंय.

अमेरिकेत पैसा आहे, म्हणाल. आहेच. देणगीदारांना दाखवायची चकचकीत जागा म्हणून मीही आधी नाक मुरडलं होतं. पण स्ट्रिकलँडचा हिशेब निराळा आहे: मुलाने आधी लायकी सिद्ध करावी आणि मग चांगली वस्तू मिळावी, असं ते मानत नाहीत. चांगली वस्तू पहिल्याच दिवशी. आपण मात्र गरिबाच्या पोराला द्यायचं म्हटलं की माळ्यावर चढतो.

म्हणून मुलं कमी घ्या, पण कागद कोरा आणि ब्रश नवा द्या. आणि एलिमेंटरीच्या परीक्षेचं डोक्यातून काढा. गळीत हंगाम संपला की ही मुलं बीडकडे परतणार. वर्षभराचा अभ्यासक्रम त्यांच्या कामाचा नाही. माती बरी, आठवड्यात काहीतरी पुरं होतं. गावातल्या कुंभाराला बोलवा, दिवसाची मजुरी द्या, फुकट राबवू नका. तेरा-चौदाची मुलं दिवसा वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधतात, मुली धाकट्यांना सांभाळतात, तेव्हा वर्ग संध्याकाळीच ठेवावा लागेल. मुली धाकट्यांना कडेवर घेऊन येतील. त्यांना परत पाठवू नका.

पैसे मी पाठवते. 'लागले तर सांगतो' हे उत्तर नको. चाक, माती, भट्टी यांचा खर्च कुंभाराला विचारून कळवा. आई, ओसरीभर चिखल होणार. बाबांना पुसायला लाव.

तुमची,
मंजू