कॉम्प्युटरला आमची आंबील पण पाजा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गिळायच्या त्रासावर म्हणे कॉम्प्युटर मॉडेल बनवतात, असं परवा कट्ट्यावर सांगितलं तर एकजण म्हणाला, "आता घास गिळायला पण कॉम्प्युटर लागतो व्हय?" सगळे हसले. मला काय हसू आलं नाही, कारण गेल्या वर्षी वडिलांना लकवा मारला, घरी आणल्यावर आम्ही कडक भाकरी बंद केली, शेंगाचटणी बंद केली आणि पाणी तर काय सोपंच म्हणून चमच्या-चमच्यानं पाणी पाजत बसलो, अन् नेमकं पाण्यानंच ठसका लागायचा. कधी कधी तर ठसका पण नाही, नुसता आवाज ओला घरघरता यायचा, मग ताप, मग न्यूमोनिया. डिस्चार्ज देताना एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. पुढं एका स्पीच थेरपिस्ट ताईंनी सांगितलं की पातळ पाणी पळतं, श्वासनलिका बंद व्हायच्या आत घशात पोचतं, जरा घट्ट करून द्या.

घशातला सगळा खेळ सेकंदभराचा. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) पाजून एक्स-रेचा व्हिडिओ काढतात पण तो सावलीसारखा सपाट, अन् रेडिएशनमुळं सारखा सारखा काढता येत नाही. मॉडेलमध्ये तसं नाही, हवं तितक्यांदा गिळायला लावा. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं आर्टिसिंथ नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात जीभ, जबडा, घसा स्नायूंसकट उभा करतात, एखादा स्नायू ढिला केला किंवा घोट घट्ट केला की तो कुठं जातो ते बघायचं, पेशंटला ठसका नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठवाले अन्ननलिकेचं मॉडेल करतात, बेरियमच्या व्हिडिओवरनं नळीची भिंत किती ताठ आहे याचा हिशोब काढतात.

माझं म्हणणं एवढंच की त्यात आपलं खाणं पण घाला. पातळ-घट्ट मोजायची एक जागतिक पट्टी आहे, ० ते ७, पाणी म्हणजे ०. त्याची टेस्ट पण साधी, १० मिलीची बिनसुईची सिरिंज भरायची, १० सेकंद गळू द्यायची, किती उरलं बघायचं. आम्ही ज्वारीची आंबील मोजली. गरम असताना भराभर गळते, निवली की अडून बसते. वर तोंडातला चमचा परत वाटीत बुडवला की लाळेनं पाच-दहा मिनिटांत वाटीच पातळ! आता हे मॉडेलात कोण घालणार? हुलग्याच्या माडग्याचं तर अजून मोजायचंय.

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी प्रोजेक्टला घेतलं तर आंबील आमच्याकडनं, सिरिंज पण देतो.

– एक वाचक, जुळे सोलापूर