नसेत तार का नाही टाकत?

प्रिय संज्या,

पत्र मिळालं. दाजींच्या दंडातल्या तुटलेल्या नसेचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून हायसं वाटलं. पुढचा प्रश्न मात्र अस्सल तुझा: "प्लास्टिक शोधत बसण्यापेक्षा तुटलेल्या नसेत तार का नाही टाकत?"

नस (रक्ताची नव्हे, मेंदूचे निरोप नेणारी) ही नुसती तार असती, तर मी कधीच रिकामा झालो असतो. नस तुटली की पुढच्या भागातले तंतू काही दिवसांत विरून जातात. उरतात रिकाम्या वाटा आणि त्यातल्या, तंतूंना आधार देणाऱ्या श्वान (Schwann) पेशी. मागच्या टोकातून नवा तंतू फुटून तिथून पंजापर्यंत जावा लागतो, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. दंडापासूनचं अंतर मोजून बघ, डॉक्टर वर्षाच्या गोष्टी का करतात ते कळेल. तोवर पंजातले स्नायू वाळत जातात, खरी भीती ती.

टोकं जुळली तर शिवतात. मधे अंतर असेल तर पोटरीतली सुरल नस काढून बसवतात, मग पावलाची बाहेरची कड बधिर होते. कोलॅजनच्या नळ्याही मिळतात, पण साधारण 3 सेंटिमीटरपुढे त्यांचा भरवसा नाही. आमच्या स्कॅफोल्डचं, म्हणजे तंतूला वाढायला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचं, काम तिथे सुरू होतं.

तुझी वीज इथे लागते, पण निरोप वाहायला नाही, वाढत्या तंतूला जोर द्यायला. 1997 मध्ये क्रिस्टीन श्मिट, रॉबर्ट लँगर वगैरेंनी पॉलिपायरोल या वीजवाहक प्लास्टिकच्या पातळ थरावर उंदराच्या पेशी वाढवल्या आणि 2 तास 100 मिलिव्होल्ट दिले. पेशींना फुटलेले तंतू जवळजवळ दुप्पट लांब झाले! पण पॉलिपायरोल ठिसूळ, शिवाय शरीरात विरघळत नाही. म्हणून पीसीएल या शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकचे बारीक धागे एका दिशेत काढायचे आणि त्यावर पॉलिपायरोलचा लेप द्यायचा. लेप जाड झाला की वीज छान वाहते, पण नळी वाकवताना तडकते. पातळ केला तर उलटं.

खरं सांगू? मला वाटतं निम्मं श्रेय धागे एका दिशेत असण्याचं आहे, कौतुक होतं विजेचं. नसांवर संशोधन करणाऱ्या टेसा गॉर्डन यांच्या गटाने तर नस शिवल्यावर साध्या इलेक्ट्रोडने तासभर 20 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 20 ठोक्यांची, वीज देऊन उंदरांत तंतू लवकर पुढे नेले. मग नळीच वाहक कशाला? मीटिंगमध्ये हे काढलं की लोक चहा मागवतात. लांब अंतरात, जिथे तंतू मधेच दमतो, तिथे कदाचित उपयोग होईल. मी त्याच आशेवर आहे.

दाजींना यातलं काही लागणार नाही, त्यांची टोकं जुळली आहेत. फक्त गरम भांड्यापासून जपायला सांग, चटका बसला तरी कळणार नाही. व्यायाम चुकवू नका म्हणावं. तपासणीत डॉक्टर नसेवर टिचक्या मारतील. झिणझिण्या येतात ती जागा दर महिन्याला खाली सरकत असेल तर तंतू चालतोय. कुठवर आली ते मला कळव.

तुझा,
विन्या