रविवारी फोन का केला नाही

ह्यूस्टन, मंगळवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

रविवारी फोन नाही म्हणून आई रागावली असशील. मी भट्टीपाशी होतो. (विजेची असते गं, धूर-बीर काही नाही.)

इट्रियम, बेरियम आणि तांब्याची संयुगं खलात घोटून, आधी एकदा भाजून, मग दाबून त्यांची रुपयाएवढी वडी करायची आणि ९५० अंशांना भाजायची. १९८७ साली इथल्याच विद्यापीठातल्या पॉल चू यांच्या गटाने अलाबामातल्या सहकाऱ्यांबरोबर हा पदार्थ जगापुढे आणला. उणे १८१ अंशांच्या आसपास त्याचा विजेला होणारा रोध नाहीसा होतो. द्रव नायट्रोजन उणे १९६ चा, त्यामुळे त्यात बुडवलं की भागतं.

माझी पहिली वडी काळीभोर, देखणी झाली. उत्साहाच्या भरात तापलेल्या भट्टीतूनच बाहेर ओढली. रोध खरंच गेला असेल तर गार वडीवर चुंबक अधांतरी तरंगायला हवं. नायट्रोजनमध्ये गार करून वर चुंबक ठेवलं, तर ते पाटावर बसावं तसं ढिम्म!

बाबा, यातली मेख तुम्हाला आवडेल. तांब्याच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे जवळजवळ सात हवेत. ९५० अंशांना मात्र सहाच्या थोडे वर, एवढेच टिकतात. वडी झटकन गार केली की ही कमतरता तशीच आत गोठते. सुटलेला ऑक्सिजन परत घ्यायचा तो सावकाश निवताना. फार तापलेली असली तर तो आत राहत नाही, फार गार झाली तर शिरतच नाही. जमतं ते ४०० ते ५०० अंशांच्या मधे, ऑक्सिजन सोडत तासन्‌तास. त्यातही घाई केली तर वडी आक्रसताना तडकते.

तीच वडी पुन्हा ४५० अंशांवर ठेवली, शनिवार रात्रीपासून अख्खा रविवार. काल चुंबक तरंगलं. चिमट्याने टोचलं तर अधांतरी गिरक्या घेत राहिलं. मी जेवायलाच विसरलो, हे आईला सांगू नका.

आई, इथली हवा चिपळूणसारखीच दमट. ओल लागली की यातला बेरियम बिघडतो, वर पांढरट थर धरतो. ऑक्सिजन कमी पडला तर पुन्हा भरता येतो, पण ओल खाल्लेली वडी अशी नुसत्या ऑक्सिजनने सुधारत नाही. म्हणून ती ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या बरणीत आहे. लोणच्याला ओला चमचा लावला की तू जशी ओरडायचीस, तसा मी आता नव्या मुलांवर ओरडतो.

येत्या रविवारी तुमच्याकडे सकाळी नऊला फोन करतो. इथे शनिवारचे रात्रीचे साडेदहा असतील आणि दुसरी वडी नुकती ४५० वर आलेली असेल.

तुमचा,
बंड्या