शैलाचं नाव यादीतून गेलं

पुणे, रविवार रात्र

प्रिय वासंती,

आमच्या तब्येती ठीक. यांची शुगर आटोक्यात, माझा गुडघा कुरकुरतो पण काम देतो. आता खरं ऐक. शैलाने जानेवारीच्या सायकल राइडमधून नाव काढून घेतलं. फोन नाही, भेट नाही, एक छोटासा व्हॉइस मेसेज: "माझं नाव काढ गं, एक खोली वाचेल तुमची." आवाज अगदी साधा. तिचा तो साधा आवाज म्हणजे काय असतं ते तुला आणि मलाच ठाऊक, म्हणून दुसऱ्या कुणापाशी न बोलता तुला लिहायला बसले. फोन केला असता तर दोघी एकदम बोललो असतो आणि मूळ विषय राहून गेला असता.

परवा पंतांच्या गच्चीवर मीटिंग होती. बावीस जण आहोत या वेळी. पैसे मुलींच्या अंधशाळेच्या वसतिगृहासाठी, त्यांना ब्रेल छापायचं यंत्र घ्यायचंय. आधी बॅनर झाला. वर शैलाचा टँडमवरचा, म्हणजे आपल्या दोघांनी चालवायच्या सायकलवरचा फोटो, हा एवढा मोठा. कुणीतरी तिला मजकूर वाचून दाखवला, ती हसली, "फोटोत केस विंचरलेत ना?" म्हणाली. लगेच पुढचा विषय: सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर, जो त्याच्या मागे पडेल त्याने टेम्पोत बसायचं. मी म्हटलं, टँडम चढाला कुठून १८ देणार? त्यावर तो नवा मुलगा, मनाने वाईट नाही गं तो, पटकन बोलून गेला, "शैलाताईंना घाटात टेम्पोत घेऊ, त्यांना काय, बाहेरचं दिसत नाहीच."

कुणी काही बोललं नाही. शैलाने चहा संपवला, काठी उघडली आणि "मला लवकर जायचंय" म्हणून जिना उतरली. मी मागे धावले, तर "अगं, भाजी आणायचीय" म्हणाली. आंबा घाटात तुझ्या मागे बसून ती काय काय ओरडत होती ते आठव आणि मग ही भाजी ऐक.

माझा संताप शब्दांवर नाही, हिशोबावर आहे. देणगी मागताना ती सगळ्यात पुढे आणि रस्त्यावर टेम्पोत, हे मला पटत नाही. तिच्या नावावर लोक पैसे देणार असतील, तर ती सायकलवर दिसलीच पाहिजे. आणि फक्त तिचंच नाही. आपल्यात या वेळी कोण कोण आहे बघ: एकाहत्तर वर्षांचे नाना बॅटरीच्या सायकलवर, दोन मुली ज्यांनी चाळीस किलोमीटरच्या वर कधी चालवलेली नाही, हाताने चालवायची तीनचाकी घेऊन सदाभाऊ, आणि दुसऱ्या टोकाला पंत आणि त्यांची टोळी, जी नाश्त्याआधी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन येते. एकच वेग ठरवला की यातला कुणीतरी रोज अपमान गिळणार.

पंतांना गोवा हवाय. सातारा, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी, साधारण साडेचारशे किलोमीटर, चार दिवसांत. गोवा म्हटलं की देणगी सुटते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. जुन्या कात्रज घाटाने निघायचं, खंबाटकीचा चढ जाताना एकेरी, समोरून काही येत नाही, हेही मान्य. पण त्यानंतर कोल्हापूरपर्यंत हायवे. शैलाला त्या रस्त्यावर काय मिळणार? ट्रकचे हॉर्न आणि डिझेल.

माझा रस्ता कोकणातला. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे. सहा दिवस, घाई नाही. नुसते आकडे बघितले तर कुणीही म्हणेल, रोज पन्नास किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण तिकडे किलोमीटर मोजून भागत नाही. खाडी आली की रस्ता सड्यावरून खाली कोसळतो आणि खाडी ओलांडली की परत छाताडावर येतो. म्हणून मी प्रत्येक दिवसाचा चढ वेगळा मांडलाय आणि केळशी ते दाभोळच्या पट्ट्याला दीड दिवस दिलाय. पंत म्हणाले, "एवढा वेळ?" मी म्हटलं, हो, एवढाच.

आणि त्या खाड्यांवरच माझी सगळी योजना उभी आहे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. चार ठिकाणी फेरीबोट. बोट कुणाच्या वेगावर सुटत नाही, तिच्या वेळेवर सुटते. पंतांची टोळी कितीही सुसाट आली तरी धक्क्यावर बसणार, शहाळं पिणार, आणि तेवढ्यात मागचे येऊन पोचणार. प्रवासात निदान चार वेळा तरी बावीसच्या बावीस जण एका फळीवर. कुणाला थांबा म्हणावं लागत नाही की कुणाला पळा म्हणावं लागत नाही. तिथे पूल व्हायचे आहेत, त्याआधी हे एकदा करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

बाकीचं असं ठरवलंय. सावकाश जाणारे उजाडता उजाडता निघतील, जोरातले दीड तास मागून. म्हणजे जेवायला सगळे एकत्र. प्रत्येक फाट्यावर पहिला पोचेल त्याने उभं राहायचं आणि मागचा माणूस दिसेपर्यंत हलायचं नाही. सगळ्यात शेवटी मी, शिट्टी, पंप आणि ट्यूबा घेऊन. माझ्या मागे कुणी राहायचं नाही, हा एकच नियम कडक. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे, कारण जानेवारीत दुपारचे खारे वारे वायव्येकडून येतात, पाठीला हात लावून ढकलतात. आणि शनिवार-रविवारी दिवेआगरला मुक्काम पडणार नाही असं बघितलंय, नाहीतर मुंबईच्या गाड्यांतून वाट काढत बसावं लागेल.

टेम्पोचं सदाभाऊंनीच सोडवलं. त्यांच्या सायकलला पुढच्या चाकावर जोर असतो आणि वजन मागे, त्यामुळे खड्या चढाला पुढचं चाक जागच्या जागी फिरतं, हात कितीही मारा. ते म्हणाले, "चढ मला टेम्पोत द्या, पण कुठला चढ ते मी सांगणार." रेवदंड्यापर्यंतचा सपाट रस्ता, मुरूड ते आगरदांडा, गुहागरची वाडी, हे त्यांनी आत्ताच आपल्या नावावर लिहून घेतलंय. बसायचं की नाही हे बसणाऱ्याने ठरवायचं. वेग बघून कुणी उचलून आत टाकायचं नाही. इतकी साधी गोष्ट गच्चीवरच्या एकालाही सुचली नव्हती, मलासुद्धा नाही.

आता टँडम. दिवे घाटात उतारावर चाचणी घेतली. दोघांचं वजन आणि लांब सायकल, उताराला नुसती सुटते ती. खाली थांबून रिमला बोट टेकवलं तर चटका बसला. तेव्हाच मागे डिस्क ब्रेक बसवून घेतला, आणि कोकणातल्या प्रत्येक मोठ्या उताराला मध्ये पाच मिनिटं थांबायचं ठरलं. त्या दिवशी पुढे मी होते, मागे शैला. सासवडच्या अलीकडे ती म्हणाली, "मागचं चाक घासतंय." मला काही ऐकू येईना. उतरून बघितलं तर ब्रेकची रबरी गट्टी केसभर तिरकी, चाकाला जेमतेम लागत होती. आपल्या बावीसातल्या कुणाला कळलं असतं ते?

ती तो रस्ता कसा बघते ते तुला सांगायला नको. सुरूचं बन आलं की वारा बदलतो म्हणते, वाडीत शिरलं की शेणसडा आणि सुपारी वाळत घातलेली कळते, हर्णैचं बंदर तर दोन वळणं आधीच. मी रस्ता आखायला बसले तेव्हा तिला विचारत गेले, कुठे थांबायचं? तिने एकदाही देखावा म्हटला नाही, पण दिवेआगर ते श्रीवर्धनच्या रस्त्याला, जिथे समुद्र उजव्या हाताला अगदी चिकटून चालतो, तिथे "गप्प चालवायचं, कुणी गाणी लावायची नाहीत" असं नियमात लिहायला लावलं. ते वाक्य अजून माझ्या वहीत आहे आणि तिचं नाव यादीत नाही. झोप येत नाही मला, वासे.

पंतांशी बोलले काल. तासभर भांडले. भांडणात तुझ्या त्या हर्क्युलिसचा विषय निघाला, बघ कुठून कुठे. ती सायकल तू विकलीस हे मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. तिच्यावर अर्धा हक्क माझा होता, पेडल मी बदलली होती. शेवटी पंत नरमले. वेगाची अट गेली, कोकण ठरलं. बॅनरवरून फोटो काढायलाही तयार झाले, पण मी म्हटलं, ते शैलाला विचारून. टेम्पोचं भाडं तेच देणार आहेत, माणूस हिशोबी आहे पण कंजूष नाही. जेवण-मुक्कामाचा खर्च ज्याचा त्याने करायचा, देणगीतला रुपयाही आपल्या पोटात जायचा नाही, हे त्यांनीच आधी मांडलं होतं.

पण अट गेली म्हणून शैला येत नाही. मी सांगितलं तिला. "बरं झालं, बाकीच्यांना सोपं जाईल," म्हणाली. माझ्यासाठी बदललं असं तिला वाटतंय, आणि तेच तिला नकोय. तिची समजूत माझ्याने निघणार नाही. मी गच्चीवर होते, तू नव्हतीस.

म्हणून तू ये. पुढच्या सीटवर तू हवीस. गिअर बदलताना, खड्डा आला की, ब्रेक लावायच्या आधी, तू जे सतत बडबडत जातेस ना, ज्यावरून मी आयुष्यभर तुझी चेष्टा केली, मागे बसणाऱ्याला तेच लागतं. शैला माझ्या मागे बसते तेव्हा खांदे ताठ असतात तिचे. तुझ्या मागे ती हात सोडून बसायची. फोन तू कर, आणि मी लिहिलंय हे कृपा करून सांगू नकोस. "मला कोकणात जायचंय, मागे कुणी नाही, येतेस का" एवढंच म्हण. खरं तेच आहे.

पैशांचं एक. तुझा पासपोर्ट भारतीयच आहे, तेव्हा तू मस्कतहून बँकेतून पाठवलेली देणगी संस्थेला चालते, ती परदेशी धरत नाहीत. जावयांना मात्र सांग की त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलंय, त्यांचे पैसे घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि ती या संस्थेकडे नाही. त्यांनी मनाने द्यायचं म्हटलं तरी घेता येणार नाही. तुझ्या भावाला पावती हवी असेल तर रोख दोन हजारांच्या वर देऊ नकोस म्हणावं, त्यावर इन्कमटॅक्सची सूट मिळत नाही. चेक दे किंवा ऑनलाइन.

तुझं नवीन घर लागलं का? लेकीचं बाळंतपण फेब्रुवारीत ना? मग जानेवारी तुला मोकळी आहे, मी मोजून बघितलंय. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वहिनीकडून कळलं, बरं वाटलं.

येताना चटणीची बरणी आणू नकोस, मागच्या वेळी टेम्पोभर लसणाचा वास होता आणि नाना अजून नाव काढतात. आणलीस तर झाकण घट्ट लाव.

शैलाला या आठवड्यात फोन कर. दहा तारखेला खोल्यांचे पैसे भरायचे आहेत, आणि तिची खोली मी अजून सोडलेली नाही.

तुझी,
मंदा

ता. क. सीटची उंची पाठव. पाय पेडलच्या खालच्या टोकाला असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, तिथून माप घे. जुनं माप सांगू नकोस, टँडमची सीट वेगळी आहे.