खुले पत्र: उगवलेल्या भेंडीला पेंड कशाला, साहेब?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

भाजीपाल्याच्या मुळांवरच्या किडींसाठी निंबोळी पेंड (कडुनिंबाच्या बियांचे तेल काढल्यावर उरणारा चोथा) दिवाळीआधी मिळेल, असे आम्हा मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्यांना सांगण्यात आले होते. पिशव्या आल्या तेव्हा भेंडी चार पानांवर होती. आभारी आहोत. आता ती टाकायची कुठे, तेवढे कळवा.

पेंड हे उभ्या पिकाचे औषध नव्हे. भात निघून नांगरट झाली की लागवडीच्या पंधरा-वीस दिवस आधी ती जमिनीत पडावी लागते: चुरून, पुरत्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, चार-पाच बोटे मातीआड, वरून हलके पाणी. (शेण कच्चे असेल तर हुमणीला, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीला, आपणच आवतण दिले म्हणायचे.) ओल नसेल तर पेंड कुजत नाही. उघडी राहिली तर उन्हाने तिच्यातला कडू अंश निकामी होतो. आणि बियाजवळ किंवा रोपाच्या बुडाशी ताजी घातली तर कुजताना सुटणाऱ्या अमोनियाने कोवळी मुळेच करपतात. वाळवी जगते, भेंडी मरते. तुमची योजना नक्की कोणासाठी होती?

मापाचे तर विचारूच नका. हुमणी-वाळवीला हेक्टरी २५० किलो धरतात, म्हणजे एकरी १००. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना हेक्टरी टनभर, एकरी ४०० किलो. हाती आली खातेदारी एक ५० किलोची पिशवी. वाळवीसाठी वीस गुंठे, सूत्रकृमींसाठी पाच. बाकीच्या रानाला योजनेचा फलक दाखवायचा का?

पिशवीत काय आहे हेही एकदा बघा. मूठभर पेंड ग्लासभर पाण्यात ढवळली की वाळू तळाला बसते, आमच्याकडे बसली. घाण्यावरच्या पेंडीत थोडे तेल उरते, द्रावणाने तेल ओढून घेतलेल्या पेंडीत जवळजवळ नाहीच. पिशवीवर मोठा फोटो आहे, पेंड कुठली ते नाही.

प्रशिक्षणात 'झेंडू लावा' सांगून टोप्या वाटल्या. झेंडू सूत्रकृमींवर चालतो, पण त्याच्या जिवंत मुळांमुळे, आणि तेही त्याच वाफ्यात दोन-तीन महिने दाट पीक म्हणून उभा असेल तर. बांधावरची चार झाडे दसऱ्याच्या तोरणाला.

केंद्राने ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेट या जमिनीत टाकायच्या दाणेदार कीटकनाशकावर बंदी घातली. योग्यच केले. ते दाणे आम्ही हाताने टाकत होतो, आमच्या फुप्फुसांची चौकशी कधी कोणी केली नाही. पण बंदीचा कागद पोचला तारखेवर, पेंड मात्र पोचत नाही. युरियाला निमाचा लेप द्यायला सरकारला २०१५ मध्ये जमले, कारण तो कारखान्यात द्यायचा होता. आमची जमीन कारखान्यात नाही.

मुळात निंबोळीच का? कडुनिंब आमच्या पावसात फारसा होत नाही, आणि जो आहे त्याची फळे जून-जुलैत पिकतात. वाळवायच्या आतच बुरशी धरतात. काळू, भातसा, उल्हासच्या काठाने करंज आहे. त्याच्या शेंगा पावसाआधी वाळतात आणि पेंड तशीच कामाला येते. करंजबी केंद्राच्या गौण वनोपजाच्या हमीभावाच्या यादीतही आहे. यादीत आहे, गावात खरेदी केंद्र नाही. ठाकूर-कातकरी बाया बी वेचतात, व्यापारी पडेल भावाने उचलतो, तेल भलतीकडे निघते आणि पेंड आम्ही दुकानातून विकत आणतो. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि शहापुरातले पाडे टँकरची वाट बघतात, तोच हा कारभार. इथले जे ते बाहेर जाते आणि आमच्या वाट्याला उशीर येतो.

मागण्या दोनच. मार्चमध्ये तालुक्याला एक खरेदी केंद्र आणि एक घाणा द्या. पेंड देणारच असाल तर ऑक्टोबर संपायच्या आत द्या, एकराच्या मापाने, पिशवीच्या नव्हे. ते जमणार नसेल तर पुढच्या वर्षीच्या पिशव्या मंत्रालयातल्या कुंड्यांत रिकाम्या करा. लागवडीच्या पंधरा दिवस आधी, आणि वरून पाणी घालायला विसरू नका.

आपले,
मुरबाड-शहापूर पट्ट्यातले भाजीपाला शेतकरी