भाषणाच्या खर्ड्याबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ना ह्ये-सॉक या कोरियन लेखिका-चित्रकर्तीवरचा तुझा खर्डा वाचला. तिचा १९३० चा घटस्फोट पहिल्याच परिच्छेदात आलाय, तो मागे ने. त्याने सुरुवात केलीस की लोक लफडं ऐकायला सावरून बसतात आणि लेखिका बाजूला पडते.

सुरुवात ‘क्यॉन्गही’ या १९१८ च्या कथेने कर. नायिका तोक्योहून सुट्टीला घरी येते. शिकलेली पोरगी घरात निकामी, असं म्हणणाऱ्यांच्या देखत ती शिवणयंत्र चालवते, पोटमाळा आवरते, चुलीपाशी बसते आणि वडिलांनी पसंत केलेल्या श्रीमंत स्थळाला नकार देते. ‘आधी मी माणूस’ इथवर ती या कामांतून पोहोचते. तुझ्या खर्ड्यात नुसता निष्कर्ष आहे. तो पोटमाळा भाषणात आण.

मग १९२३ चा आई होण्यावरचा निबंध. मूल म्हणजे आईच्या अंगाचे लचके तोडणारा सैतान, असं ती लिहिते. एवढंच उचललंस तर ती निर्दय वाटेल. पुढचं घेतलंच पाहिजे: माया जन्मजात नसते, मूल वाढवता वाढवता येते. एका पुरुषाने तिच्यावर छापील टीका केली, तिने छापूनच उत्तर दिलं.

आता घटस्फोट घे. १९३४ मध्ये ‘साम्चॉल्ली’ मासिकात तिने जाहीर कबुलीजबाब लिहिला: स्वतः पावित्र्य न पाळणारे पुरुष बायकांकडून ते मागतात. पॅरिसमधल्या संबंधांवरून छ्वे रिनवर १२,००० वॉनचा दावाही लावला. तो कोर्टाबाहेर मिटला. हा छ्वे रिन जपानी राजवटीतल्या कोरियाच्या १९१९ च्या स्वातंत्र्य घोषणेवर सही करणाऱ्या ३३ जणांपैकी एक, हे विसरू नकोस.

१९२१ चं सोलमधलं चित्रप्रदर्शन आणि १९४८ मधला बेवारस मृत्यू, प्रत्येकी एक वाक्य पुरे. चित्रं दाखवणार असशील तर जपून. फार थोडी उरलीत आणि तिच्या नावावर खपणारी सगळीच तिची नाहीत.

प्रश्न येणारच: १९१९ च्या चळवळीत तुरुंगात गेलेली बाई जपानी सरकारच्या उपवाणिज्यदूताची बायको कशी? टाळू नकोस. नवऱ्याची नेमणूक होती त्या मांचुरियातल्या आन्दोंगला तिने बायकांसाठी रात्रशाळा चालवली, हे सांग. नवऱ्याच्या त्याच नोकरीमुळे १९२७ ची युरोपवारी घडली, हेही सांग.

तुझी,
आई