भंगारात देण्याआधी ईएक्सई फाइल तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या पतसंस्था, सोसायट्या, छोटे कारखाने यांच्या कपाटांत डॉसच्या (विंडोजआधीच्या संगणकप्रणालीच्या) काळातले हिशेबाचे प्रोग्राम अजून सापडतात. लिहिणारा संपर्कात नाही, सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर) हरवलेला, म्हणून संगणक भंगारात निघतो. कळकळीची विनंती आहे, तसे करू नका. प्रोग्रामची ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी, फाइल कोणत्या कंपायलरने (सोर्स कोडपासून अशी फाइल बनवणाऱ्या साधनाने) बनवली हे आधी पाहा. पुढे काय करता येईल ते त्यावर ठरते.

फाइलची प्रत काढून ती हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा. कंपायलर स्वतःची रनटाइम लायब्ररी (प्रोग्राम चालताना लागणारा तयार कोड) प्रोग्रामला जोडतो आणि तिच्यातली कॉपीराइटची ओळ सहसा तशीच राहते. इंग्रजी अक्षरांत 'एमएस रन-टाइम लायब्ररी' दिसले तर मायक्रोसॉफ्ट सी. बोर्लंडच्या नावाआधी '१९८३,९०' असेल तर टर्बो पास्कल ६, '१९८३,९२' असेल तर ७. मात्र क्लिपर हे डेटाबेस प्रोग्राम लिहिण्याचे साधन स्वतःच मायक्रोसॉफ्ट सीमध्ये लिहिलेले होते. त्यामुळे मायक्रोसॉफ्टचे नाव दिसले तरी 'नॅनटकेट' (क्लिपरची कंपनी) आणि 'क्लिपर' हे शब्द शोधल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. शेजारच्या फायलीही बोलतात: डीबीएफ या नोंदींच्या फाइलसोबत एनटीएक्स ही इंडेक्स फाइल असेल तर क्लिपर, सीडीएक्स असेल तर बहुधा फॉक्सप्रो हे तसेच दुसरे साधन. डीबीएफ असेल तर प्रोग्राम बंद पडला तरी नोंदी लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात.

काहीच वाचता येत नसेल तर फाइल बहुधा आवळलेली असते. सुरुवातीलाच 'एलझेड९१' किंवा 'पीकेलाइट' दिसते का पाहा. आधी ती सोडवा, मग शोधा. सी-डॅकच्या जिस्ट कार्डासाठी (डॉसवर भारतीय लिप्या दाखवणाऱ्या कार्डासाठी) लिहिलेला मराठी मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात असतो, तो एडिटरमध्ये अगम्य दिसणारच. फाइल खराब झाली असे समजू नये.

या तपासणीचा थेट उपयोग सांगतो. टर्बो पास्कल ७ चा प्रोग्राम वेगवान संगणकावर 'रनटाइम एरर २००' देऊन सुरू होताच बंद पडतो. टर्बो पास्कलचे क्रट युनिट (पडदा व कीबोर्ड हाताळणारा तयार कोड) डिलेसाठी, म्हणजे ठरावीक वेळ थांबण्यासाठी, संगणकाचा वेग मोजते, तिथला भागाकार १६ बिटांत मावत नाही. कंपायलर ओळखला की पॅच (दुरुस्तीचा छोटा बदल) लावता येतो, किंवा डॉसबॉक्स या आजच्या संगणकावर डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या साधनात सायकल्स, म्हणजे वेग, कमी केल्या तरी भागते.

विंडोजवरचे काम सोपे. प्रोग्रामने एमएसव्हीबीव्हीएम६० ही डीएलएल (सामायिक कोडची फाइल) मागितली तर व्हिज्युअल बेसिक ६. फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) १९ जून १९९२ ही तारीख असेल तर ती खरी धरू नका. बोर्लंडच्या डेल्फी या साधनाच्या अनेक आवृत्त्या प्रत्येक फाइलवर हीच तारीख टाकत.

– एक प्रोग्रामर, कोथरूड, पुणे